विंटेज मोटारसायकलच्या इंजिनातील लहान सुटे भाग

विंटेज मोटारसायकलच्या इंजिनातील लहान सुटे भाग म्हणजे जुन्या मोटारसायकलचे इंजिन पुन्हा बांधताना गहाळ, झिजलेले किंवा चुकीचे बसवलेले आढळणारे आणि म्हणून नव्याने मिळवावे अथवा घडवावे लागणारे छोटे यांत्रिक घटक होत. वॉशर, चाव्या, सर्क्लिप, बुश, ऑईल सील, पॅकिंग, स्टड, नट, शिम, स्प्रिंगा, जेट आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांचा त्यांत समावेश होतो. पिस्टन, सिलिंडर किंवा क्रँकशाफ्ट यांच्या तुलनेत या भागांची किंमत नगण्य असते. मात्र त्यांपैकी एखादा भाग नसल्यास किंवा नुसता 'बसतो' म्हणून भलताच बसवल्यास मोठे आणि सहजासहजी न मिळणारे भाग कायमचे निकामी होऊ शकतात. त्यामुळे अशा भागाची निवड केवळ आकारावरून न करता त्याचे कार्य, धातू, कठीणपणा आणि मापातील सूट यांवरून करणे हे पुनर्बांधणीचे मूलतत्त्व मानले जाते.

भाग गहाळ होण्याची कारणे

भारतात आढळणाऱ्या बहुतेक जुन्या मोटारसायकली अनेक दशके रोजच्या वापरात होत्या. त्यांची दुरुस्ती रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये, उपलब्ध सामानातून होत असे. एखादी लॉकिंग पट्टी तुटली की तिच्याऐवजी स्प्रिंग वॉशर टाकला जाई, आटे गेले की मोठा बोल्ट ठोकून बसवला जाई आणि शिमच्या जागी पत्र्याची चकती कापून घातली जाई. गाडी चालू ठेवणे हा त्यामागील रास्त हेतू होता. परंतु पुढील दुरुस्तीच्या वेळी मूळ भाग कोणता होता, हे सांगणारा पुरावा त्यातून नाहीसा झाला.

दुसरे कारण म्हणजे सुटे केलेले इंजिन वर्षानुवर्षे पोत्यात किंवा डब्यात पडून राहणे. अशा इंजिनाचे मोठे भाग टिकतात. परंतु चाव्या, छर्रे, शिम आणि सर्क्लिप हरवतात. तिसरे कारण उत्पादन थांबल्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच आणि मॅचलेस जी३/एल या मोटारसायकलींचे मूळ सुटे भाग बनणे फार पूर्वीच थांबले. भारतीय बनावटीच्या गाड्यांतही म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेल्या राजदूत १७५ आणि राजदूत ३५० या गाड्यांचे उत्पादनही थांबले आहे. याउलट रॉयल एनफील्ड बुलेटचे उत्पादन मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया कंपनीपासून अखंड चालू राहिले. म्हणून बुलेटचे भाग तुलनेने सहज मिळतात. मात्र मधल्या काळात रचनेत बदल होत गेल्याने नवा भाग जुन्या इंजिनाला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील यंत्रकामाची पार्श्वभूमी

बाजारात न मिळणारा भाग घडवून घ्यायचा असेल, तर लेथ, ओतकाम आणि धातूला पाणी देणे या तिन्ही कामांचे जाणकार एका परिसरात असणे सोयीचे ठरते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात ही परंपरा विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून रुजली. तिचा एक महत्त्वाचा उगम पूर्वीच्या औंध संस्थानात आहे. सध्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात असलेले औंध हे या संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचे काही भाग आजच्या सांगली जिल्ह्यात मोडतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे शेतीची अवजारे बनवण्यास सुरुवात केली. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली. तेथे १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत आकाराला आली. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे हे तेथील सुरुवातीचे उत्पादन होते. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी सुरू केलेल्या कारखान्यातही नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बनू लागली. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर हा भाग ऑईल इंजिने, ओतकाम आणि यंत्रकामासाठी प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी या परिसरातील उद्योग वाढतच गेले. आज कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव आणि सांगलीजवळील कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम व यंत्रकाम चालते.

विहिरीवरील ऑईल इंजिनाला बुश, लायनर, रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइड लागतात. मोटारसायकलच्या इंजिनालाही याच जातीचे भाग लागतात. फरक असतो तो मापाचा आणि अचूकतेचा. म्हणून शेतीच्या इंजिनांवर हात बसलेल्या टर्नरला मोटारसायकलचा बुश घडवणे अपरिचित नसते. मात्र संथ गतीच्या इंजिनात चालून जाणारी सूट वेगाने फिरणाऱ्या इंजिनात घातक ठरू शकते, हे लक्षात ठेवावे लागते.

भागाची ओळख पटवणे

गहाळ भाग कोणता, हे प्रथम निश्चित करावे लागते. त्यासाठी निर्मात्याच्या सुट्या भागांच्या पुस्तिकेतील विस्तारचित्र हे मुख्य साधन आहे. या चित्रात प्रत्येक वॉशर आणि शिम यांचा क्रम व संख्या दाखवलेली असते. पुस्तिका पाहण्यापूर्वी इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष ठरवतात. कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक बदल आढळतात.

पुस्तिका नसल्यास इंजिनाच्या अंगावरील खुणा वाचतात. शाफ्टवरील चमकदार पट्टा तेथे बुश किंवा सील फिरत असल्याचे दर्शवतो. खाच असेल तर तेथे सर्क्लिप, अर्धगोल घळ असेल तर वुडरफ चावी आणि नटाच्या कडेला वाकलेल्या पत्र्याचा ठसा असेल तर लॉकिंग पट्टी होती, असे अनुमान निघते. चालू स्थितीतील दुसऱ्या इंजिनाशी तुलना करणेही उपयुक्त असते. परंतु त्या इंजिनातही आधीच्या दुरुस्तीत चुकीचा भाग बसलेला असू शकतो. त्यामुळे शक्य तेव्हा दोन स्वतंत्र पुरावे जुळवून पाहतात.

आटे आणि मापपद्धती

लहान भागांच्या बाबतीत सर्वाधिक चुका आट्यांमध्ये होतात. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत व्हिटवर्थ, बीएसएफ, सायकल आटे आणि बीए अशा एकाहून अधिक पद्धती एकाच इंजिनात आढळतात. जावा आणि राजदूत १७५ यांची मूळ रचना अनुक्रमे चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधील असल्याने त्यांत मेट्रिक आटे असतात. बुलेटची रचना मूळ ब्रिटिश असून तिच्यात मेट्रिक आटे टप्प्याटप्प्याने आले. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र केलेल्या इंजिनात दोन्ही पद्धती सापडू शकतात.

प्रमुख पद्धतींची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत :

• व्हिटवर्थ आणि बीएसएफ : आट्याचा कोन ५५ अंश. ५/१६ इंच व्यासाला व्हिटवर्थमध्ये इंचाला १८, तर बीएसएफमध्ये २२ आटे.
• सायकल आटे : कोन ६० अंश. बहुतेक व्यासांना इंचाला २६ आटे.
• बीए : कोन ४७.५ अंश. मुख्यतः विद्युत भाग व कार्ब्युरेटरमधील बारीक स्क्रूंसाठी.
• मेट्रिक : कोन ६० अंश. ८ मिमी व्यासाच्या नेहमीच्या बोल्टला दोन आट्यांतील अंतर १.२५ मिमी.

५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. हा व्यास ८ मिमीच्या इतका जवळ आहे की मेट्रिक बोल्ट बीएसएफच्या छिद्रात एकदोन वेढे सहज जातो. मात्र बीएसएफच्या दोन आट्यांतील अंतर सुमारे १.१५ मिमी असल्याने तो पुढे अडतो आणि पान्याने जोर लावताच ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे कापले जातात. त्याहून फसवे उदाहरण पाव इंच व्यासाचे आहे. तेथे बीएसएफ आणि सायकल आटे या दोन्हींत इंचाला २६ आटेच असतात. फरक केवळ कोनाचा असतो. नट शेवटपर्यंत फिरतो, पण त्याची पकड आट्याच्या अरुंद कडेवरच राहते. म्हणून बोल्ट बदलताना व्हर्नियरने व्यास आणि आटे-गेजने अंतर व कोन अशी दुहेरी तपासणी करतात.

आटे गेलेल्या छिद्रात मोठा बोल्ट घालण्याऐवजी तारेचे वेटोळे असलेला इन्सर्ट बसवून मूळ मापाचे आटे परत मिळवता येतात. काही ठिकाणी आट्यांची दिशाही उलटी असते. बुलेटच्या क्रँकशाफ्टवरील ऑईल पंप चालवणारा वर्म नट डाव्या आट्यांचा असतो. हे न जाणता तो नेहमीच्या दिशेने सोडवण्याचा प्रयत्न केल्यास शाफ्टचे टोक खराब होते.

प्रमुख लहान भाग आणि त्यांचे कार्य

गजन पिनचे सर्क्लिप : पिस्टनमधील पिन बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचे सर्क्लिप असतात, मिस्त्री लोक त्यांना 'लॉक' म्हणतात. एकदा काढलेले लॉक ताण गमावते, म्हणून ते पुन्हा वापरत नाहीत. घरी तार वाकवून केलेले किंवा खाचेत पूर्ण न बसलेले लॉक निसटल्यास पिन सिलिंडरच्या भिंतीवर खोल चर पाडते. बसवताना लॉकचे तोंड वर किंवा खाली ठेवण्याची पद्धत आहे.

रिंग-पिन : दोन फटक्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खाचेत रिंग फिरू नये म्हणून बारीक पिन असते. ती पडली असेल, तर रिंगचे टोक सिलिंडरमधील पोर्टात अडकून तुटते. पिन गेलेला पिस्टन केवळ नवी रिंग घालून वापरणे म्हणूनच धोक्याचे असते.

वुडरफ चावी : ही अर्धचंद्राकृती चावी मॅग्नेटो किंवा गिअर शाफ्टवर ठरावीक स्थितीत ठेवते. निमुळत्या शाफ्टवर प्रत्यक्ष भार दोन पृष्ठभागांच्या घट्ट बसणीवर येतो. चावीचे काम केवळ स्थान निश्चित करण्याचे असते. त्यामुळे चावी वारंवार तुटत असेल, तर अधिक कठीण चावी घालणे हा उपाय नव्हे. निमुळते पृष्ठभाग पेस्टने घासून नीट जुळवावे लागतात.

ऑईल सील : टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असणे आवश्यक असते. जावामध्ये क्लचच्या बाजूचे सील गेल्यास गिअरचे तेल इंजिनात ओढले जाऊन दाट पांढरा धूर येतो. डायनामोच्या बाजूचे सील गेल्यास बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण विरळ होते आणि पिस्टन तापून जाम होतो. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी हे तीन आकडे छापलेले असतात. त्यांवरून इतर यंत्रांसाठी बनलेले समान मापाचे सील निवडता येते.

बेअरिंग : बहुतेक मेट्रिक बेअरिंगे आंतरराष्ट्रीय क्रमांकानुसार मिळतात. उदाहरणार्थ, ६२०४ या क्रमांकाचे बेअरिंग २० मिमी आतील व्यास, ४७ मिमी बाहेरील व्यास आणि १४ मिमी रुंदीचे असते. क्रमांकानंतरचे 'सी३' हे अक्षर आतील मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते. तापणाऱ्या आणि घट्ट बसवलेल्या जागी ही मोकळीक आवश्यक असते.

शिम आणि थ्रस्ट वॉशर : गिअरबॉक्समधील शाफ्टची आडवी हालचाल यांनी नियंत्रित होते. शिम नसल्यास गिअर पूर्ण गुंतत नाहीत व आपोआप सुटतात. जादा जाड शिम घातल्यास शाफ्ट जाम होतो. योग्य जाडी फीलर गेजने किंवा डायल गेजने मोजून ठरवतात.

पॅकिंग : सिलिंडरखालील पॅकिंगची जाडी बदलली की दाबाचे प्रमाण बदलते, टू-स्ट्रोक इंजिनात पोर्ट उघडण्याची वेळही बदलते. त्यामुळे हाताला येईल तो जाड कागद कापून वापरणे योग्य नसते. तांब्याचे वॉशर मात्र मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होतात आणि वापरता येतात.

कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर : पॉइंटमधील फट साधारणतः ०.३५ ते ०.४० मिमी ठेवली जाते. कंडेन्सर निकामी झाल्यास पॉइंट जळतात. इंजिन थंड असताना चालते आणि तापल्यावर बंद पडते, अशी तक्रार पुष्कळदा कंडेन्सरमुळे उद्भवते.

बुलेटमधील तेलाचे सील : एक उदाहरण

लहान भागाचे महत्त्व बुलेटच्या जुन्या इंजिनात स्पष्ट दिसते. ३५० सीसी गटातील या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनचा फटका ९० मिमी आणि प्रत्यक्ष घनमान ३४६ सीसी आहे. ऑईल पंपाने पाठवलेले तेल टायमिंग कव्हरमधील वाटेने क्रँकशाफ्टच्या टोकात शिरते आणि तेथून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकापर्यंत पोहोचते. कव्हर आणि फिरणारा शाफ्ट यांच्या सांध्यावर बुचाचे, नंतरच्या काळात रबराचे, एक छोटे सील असते.

कव्हर काढताना हे सील चिकटून तुटते किंवा कापडाने पुसताना नकळत फेकले जाते. ते नसले तरी कव्हर व्यवस्थित बसते, बाहेर गळती होत नाही आणि इंजिनही सुरू होते. तेल मात्र मोठ्या टोकाकडे न जाता टायमिंग कप्प्यातच सांडते. तेल टाकीत परत येत असलेले दिसते, त्यामुळे तेलपुरवठा नीट आहे असा समज होतो. काही काळाने मोठ्या टोकाचे बेअरिंग कोरडे पडून झिजते. त्यानंतर संपूर्ण इंजिन खोलून क्रँकशाफ्ट दाबयंत्रावर सुटा करावा लागतो. म्हणूनच टायमिंग कव्हर काढल्यावर प्रत्येक वेळी नवे सील बसवण्याची पद्धत आहे.

भाग मिळवण्याचे मार्ग

जुने पण न वापरलेले भाग अद्याप काही दुकानांच्या साठ्यात सापडतात. पुण्यातील मंगळवार पेठेचा जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार आणि दिल्लीतील करोल बाग ही अशा शोधाची परिचित ठिकाणे आहेत. साठ्यातील धातूचे भाग गंज नसल्यास उत्तम असतात; परंतु रबरी सील आणि पॅकिंग न वापरताही वयाने कडक होतात, म्हणून ते जुने घेत नाहीत.

दुसरा मार्ग नव्याने बनवलेल्या प्रतिकृतींचा आहे. त्यांचा दर्जा समान नसतो. चावी, पिन किंवा कॅम यांसारख्या भागांवर कानस हलकेच फिरवून कठीणपणाचा प्राथमिक अंदाज घेतात : पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते, मऊ पोलादात ती रुतते. तिसरा मार्ग प्रमाणित मापाच्या पर्यायी भागांचा आहे. बेअरिंग, सील, छर्रे आणि सर्क्लिप यांना तो विशेष लागू पडतो.

भाग घडवणे

वरील मार्गांनी न मिळणारा भाग घडवून घेतात. बुशसाठी फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटल, स्पेसरसाठी सौम्य पोलाद, तर शाफ्ट व पिनसाठी मिश्र पोलाद वापरतात. पोलादाला पाणी दिल्यानंतर ते ठिसूळ होते. म्हणून ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हा दुसरा टप्पा गाळल्यास भाग झिजत नाही, पण अचानक तुटतो.

मोजमाप झिजलेल्या भागावरून घेतल्यास झीजही नव्या भागात उतरते. त्यामुळे माप भागाच्या न झिजलेल्या टोकावर किंवा ज्यात तो बसतो त्या जागेवर घेतात. हेच तत्त्व ओतकामातही लागू होते. जुने झाकण थेट साचा म्हणून वापरल्यास नवे झाकण लहान येते, कारण ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसते. १०० मिमी लांबीचा भाग ९८.७ मिमी होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे १ टक्का आकसते. पॅटर्न बनवणारा कारागीर ही घट धरूनच पॅटर्न मोठा करतो. अलीकडे त्रिमितीय छपाईने बनवलेले पॅटर्नही वापरले जातात.

सुरक्षितता आणि इंधन

जुन्या पॅकिंगमध्ये व क्लच-ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने असे भाग कोरडे घासणे किंवा हवेच्या दाबाने साफ करणे टाळतात. ते ओले करून काढतात.

इंधनातील बदलाचाही या भागांवर परिणाम होतो. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. यातील इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस असून सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे उसाचे प्रमुख जिल्हे आहेत. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते वा चिरते, बूच खराब होते आणि ओलावा शोषला जाऊन कार्ब्युरेटरमध्ये गंज धरतो. म्हणून पेट्रोलच्या नळाचे बूच, नळ्या आणि कार्ब्युरेटरची सीले बदलताना इथेनॉल सहन करणारे साहित्य निवडतात. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करतात.

मूळपणा आणि कायदा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूप टिकवून असलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत मोडतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसणे ही त्यातील अट आहे. अशा वाहनांना क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असलेली स्वतंत्र मालिका दिली जाते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत १० वर्षे आहे. नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी ही वाहने रस्त्यावर आणता येत नाहीत.

लहान भाग बदलल्याने वाहनाचे मूळ स्वरूप बाधित होत नाही, असे संग्राहक सामान्यतः मानतात. वाद होतो तो सुधारित भागांबाबत. बुचाऐवजी रबराचे सील किंवा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन वापरणे काहींना मान्य असते, तर काहींना नाही. या मतभेदात एक मध्यम मार्ग रूढ आहे. इंजिनाच्या आतील, न दिसणारे आणि पूर्ववत करता येणारे बदल स्वीकारले जातात. त्यासाठी केसिंग कापणे किंवा मूळ छिद्रे वाढवणे टाळतात. काढलेले जुने भाग नाव लिहून जपून ठेवतात आणि बदललेल्या प्रत्येक भागाचे माप, धातू व तारीख यांची नोंद वहीत करतात. पुढे हे इंजिन दुसऱ्याच कुणी उघडले, तर मूळ भाग कोणता होता हे त्या नोंदीवरून कळते.

हेही पहा

• औंध संस्थान
• किर्लोस्करवाडी
• रॉयल एनफील्ड बुलेट
• आयडियल जावा
• राजदूत मोटारसायकल
• टू-स्ट्रोक इंजिन